चार-तीन-दोन-एक

आज चाकावर बसायचं नाही. माती मळायची नाही. भट्टी थंड असू दे. घरातली माणसं आपापल्या कामाला पांगलेली असतात, ती दुपार निवडा. टेबलावर ओलं फडकं पसरा आणि त्यावर चार वाट्या मांडा. बाजूला चार पुडींच्या पिशव्या, मास्क, वजनकाटा, पाण्यानं अर्धी भरलेली छोटी बादली, एक चमचा, वही आणि पेन्सिल. एवढंच सामान.

सुरुवात करण्याआधी फळीवरची ती छोटी बाटली हातात घ्या, तयार ग्लेझची, म्हणजे भांड्यावर काच चढवणाऱ्या लेपाची, विकत आणलेली. तळाशी दोन बोटं उरलेली असेल. ही बाटली उघडली की आपला हात कसा वागतो ते आठवून बघा. ब्रश बाटलीच्या काठावर निपटून निपटून घेतो. तिसरा थर द्यायला हवा हे माहीत असूनही दुसऱ्यावर थांबतो. आतून लावलं तर बाहेर पुरेल का, याचा हिशेब करत राहतो. नवा रंग चाचणीच्या तुकड्यावर लावून बघायचा तर धीरच होत नाही. मग भांडं भट्टीतून फिकट, खरबरीत, ब्रशच्या रेघा घेऊन बाहेर येतं आणि आपण मातीला बोल लावतो. मातीचं काही चुकलेलं नसतं. हात आखडलेला होता.

या आखडलेल्या हाताकडे जरा वेळ बघत राहा. त्याला दोष देऊ नका. पैसा मोजून खर्च करणारा हात आहे, त्याची सवय वाईट नाही. आज त्याला फक्त एवढंच कळू द्यायचं, की बाटलीत बरंचसं पाणी आहे, थोडा डिंकासारखा चिकटपणा आहे आणि बाकी दगडांची पूड आहे. ती पूड किलोवर मिळते.

एरवी मननाला बसताना दीर्घ श्वास घ्यायला सांगतात. इथे आधी मास्क लावा. एन-९५, नाकाशी घट्ट बसणारा. समोरच्या पुडींमध्ये सिलिका आहे. तिचे डोळ्याला न दिसणारे कण फुफ्फुसात गेले की तिथेच राहतात, आणि वर्षानुवर्षं साठत गेले की सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. दगडखाणींतल्या आणि क्रशरवरच्या कामगारांनी हे भोगलं आहे, आजही भोगताहेत. म्हणून पंखा बंद करा. झाडू वापरू नका, सांडलेलं ओल्या फडक्यानं पुसा. मुलं आणि जेवणाची भांडी दुसऱ्या खोलीत असू द्या. पूड वरून ओतायची नाही. चमचा वाटीच्या तळाशी न्यायचा आणि तिथे हलकेच रिता करायचा. आजच्या बैठकीचं आसन हेच, की हालचाल इतकी सावकाश व्हावी की धूळ उठू नये. रिकाम्या चमच्यानं पाच-सहा वेळा करून बघा. घाई असेल तर पिशव्यांची तोंडं बांधून ठेवा, काम उद्या करा.

काटा शून्यावर आणा. पहिल्या वाटीत ४०० ग्रॅम फेल्डस्पार तोला.

पांढरट, मळकट, जड पूड. ग्रॅनाइटच्या खडकात जे गुलाबी-पांढरे ठिपके चकाकतात, त्यांची ही भुकटी. आपल्याकडे येणारा बराचसा फेल्डस्पार राजस्थानातून येतो. या एका दगडात काच होण्यासाठी लागणारं जवळजवळ सगळं आहे. सिलिका आहे, ॲल्युमिना आहे आणि वितळायला मदत करणारा पोटॅशही आहे. नुसता हाच भट्टीत ठेवला तरी १२५० अंशांच्या आसपास तो दुधी, दाट काच होऊन बसतो.

आता क्रम सोडा. पहिल्या वाटीनंतर एकदम चौथी उचला आणि तिच्यात १०० ग्रॅम चिनी माती घ्या. मऊ, हलकी, चिमटीत धरली तर पावडरीसारखी. हिला केओलिन म्हणतात. चीनमधल्या जिंगदेझेन या चिनीमातीच्या भांड्यांच्या शहराजवळ गाओलिंग नावाची टेकडी आहे, तिच्यावरून हे नाव आलं. एका हातात पहिली वाटी धरा, दुसऱ्या हातात चौथी. ही दोन वेगळी द्रव्यं नाहीत. पहिल्या वाटीतला दगड लाखो वर्षं पाण्यापावसात कुजला, त्यातला पोटॅश वाहून गेला, आणि मागे उरली ती ही माती. एकाच खडकाची ही दोन वयं. यांना आज पुन्हा एका बादलीत आणणार आहोत. इथे थांबा. दोन्ही वाट्यांचं वजन हाताला जाणवू द्या. सहा-सात श्वास, मास्कमधूनच.

तिसरी वाटी, २०० ग्रॅम चुनखडी. खडूसारखी पांढरी शुभ्र. बऱ्याचशा चुनखडकाच्या मुळाशी समुद्रातले जीव असतात, त्यांच्या शंखशिंपल्यांचा साचत गेलेला ढीग. कोकणात शिंपले भाजून चुना करत, आणि त्यानं घरांच्या भिंती बांधत. तोच कॅल्शियम इथे वाटीत आहे.

दुसरी वाटी मी मुद्दाम शेवटी ठेवली. तिच्यात ३०० ग्रॅम गारगोटीची पूड घ्या. गारगोटी आपल्याला कोणी शिकवावी लागत नाही. शेताच्या बांधावर, नदीच्या पात्रात ती पायाला लागलेली असते. लहानपणी रात्री पांघरुणात शिरून दोन गारगोट्या एकमेकींवर घासल्या असतील तर तो क्षणभराचा पिवळसर उजेड आठवेल, आणि त्यानंतरचा जळका वास. ती गारगोटी म्हणजे सिलिका, आणि काच म्हणजे मुख्यतः सिलिकाच. भांड्यावर जी चकाकी हवी आहे ती हिची.

पण ती एकटी वितळायची तर १७०० अंशांपुढे जावं लागतं. आपली भट्टी १२५० ते १२८० पर्यंत जाते. चुन्याकडे वळलो तर तो त्याहून हट्टी. भाजलेला चुना वितळायला २५०० अंशही पुरत नाहीत. फेल्डस्पारमधला आणि चिनी मातीतला ॲल्युमिना २००० च्या वर. तिघांपैकी एकालाही आपली भट्टी वितळवू शकत नाही. आणि तरी या तिघांना ठरावीक प्रमाणात एकत्र आणलं की ते ११७० अंशांना पाणी होतात.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. तुम्हीही इथे थांबा, हवा तेवढा वेळ. समोरच्या वाट्या बघा. एकट्यानं न वितळणारे तीन दगड, आणि सोबतीनं वितळणारे तेच तीन दगड. कणाला कण लागला की एकाची घट्ट रचना दुसरा सैल करतो. इथे माणसांची, कुटुंबाची उपमा मनात येईल. ती बाजूला सारा. दगडाची गोष्ट दगडाचीच राहू द्या, ती तेवढ्यानेच पुरेशी मोठी आहे.

चारशे, तीनशे, दोनशे, शंभर. मिळून बरोबर एक किलो. हे सूत्र बर्नार्ड लीच या इंग्रज कुंभाराच्या नावानं ओळखलं जातं. हाँगकाँगमध्ये १८८७ साली जन्मलेला हा माणूस जपानात मातीकाम शिकला आणि १९२० मध्ये शोजी हमादा या जपानी कुंभारासोबत इंग्लंडच्या किनाऱ्यावर, सेंट आइव्हज गावी त्यानं भट्टी बांधली. सूत्र इतकं सोपं आहे की एकदा ऐकलं की विसरत नाही. ते १२५० च्या पुढच्या भट्टीसाठी आहे हे मात्र ध्यानात ठेवा. तुमची भट्टी १२२० ला थांबत असेल तर यात बोरॉनचं फ्रिट, म्हणजे आधीच वितळवून दळलेली काच, घालून त्याला मऊ करावं लागतं. टाकणखारातही बोरॉन असतो, पण नुसता तो घालून भागत नाही. तो पाण्यात विरघळतो आणि ग्लेझमध्ये राहण्याऐवजी पाण्याबरोबर भांड्याच्या मातीत शिरतो.

एक छोटा हिशेब करू. २०० ग्रॅम चुनखडीचा ४४ टक्के भाग, म्हणजे ८८ ग्रॅम, भट्टीत कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. १०० ग्रॅम चिनी मातीतलं साधारण १४ ग्रॅम पाणी उडून जातं. इतक्या काळजीनं तोललेल्या किलोतले शंभराहून थोडे अधिक ग्रॅम भांड्यावर राहतच नाहीत. त्यांना जाऊ द्यायला वेळ द्यावा लागतो. ग्लेझ वितळून तोंड मिटण्याआधी तो वायू बाहेर पडला पाहिजे, नाहीतर पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं राहतात. भट्टी ८००-९०० अंशांच्या टप्प्यात सावकाश चढवायची ती यासाठी.

आता बादली. पूड पाण्यात सोडा, पाणी पुडीवर नाही. चमचा पाण्याच्या अगदी जवळ न्या आणि सोडा. पूड आधी तरंगते, मग कडेनं काळवंडत जाते, मग एकदम बसते आणि एक बुडबुडा वर येतो. ढवळू नका. पुढचा चमचा. प्रत्येक वाटी रिकामी झाली की वहीत तिच्या नावापुढे खूण करा. हे मी कळकळीनं सांगते. एकदा तोलता तोलता फोन वाजला, मी उठले, परत आले आणि गारगोटी घातली असं समजून पुढे गेले. त्या भट्टीतल्या सगळ्या कपांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे आले, कारण सिलिका कमी पडली की थंड होताना ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसतं. कप कायमचे गेले. ग्लेझचं नुकसान मात्र चहाच्या दोन-तीन पेल्यांएवढं होतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा जाणवलं, की चूक आता परवडते.

सगळं पाण्यात गेलं की झाकण लावा आणि रात्रभर विसरा. सकाळी ढवळून ८० नंबरच्या चाळणीतून दोनदा गाळा. दाटपणा घट्ट ताकाइतका. हात बुडवून काढला तर बोटांवर पातळ पांढरा हातमोजा चढावा आणि त्याखाली नखांच्या कडा दिसाव्यात. एखाद-दोन टक्के बेंटोनाइट नावाची चिकट माती घातलेली असेल तर पूड तळाशी दगडासारखी बसत नाही.

आणि आता भांडं घ्या, एकदा भाजलेलं, पाणी पिणारं. बादलीत बुडवा. एक, दोन, तीन. बाहेर काढा. ओली चकाकी तुमच्या डोळ्यांदेखत सुकून मॅट होते, कारण माती पाणी ओढून घेते आणि दगड बाहेर ठेवते. आतून, बाहेरून, काठावर सारखा थर. ब्रश निपटायचा प्रश्नच आला नाही. हाताकडे बघा. तो मोकळा झाला आहे.

रंगाचं थोडक्यात सांगते. निळा हवा तर कोबाल्ट ऑक्साइड, आणि ते फार महाग. पण किलोभर ग्लेझला त्याचे पाच ग्रॅम पुरतात, दहा घातले तर गडद निळा. ते तोलायला सोनाराकडे असतो तसा बारीक काटा हवा. सगळ्यात स्वस्त रंग लोखंडाचा. आपली काव, गेरू. दोन टक्क्यांत मधासारखी झाक, आठ-दहा टक्क्यांत काळपट तपकिरी. माझा जीव लोखंडातच रमतो. निळा रंग कुठल्याही भट्टीत बराचसा तोच दिसतो. लोखंड मात्र हवा कमी-जास्त झाली, थर कमी-जास्त झाला, थंड व्हायला वेळ लागला, या सगळ्याची नोंद स्वतःत ठेवतं.

आणि एक दगड आपल्याकडे पायाखालीच आहे. काळा पाषाण, बेसॉल्ट. सह्याद्री ज्याचा बनला आहे तो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून लाव्हा वाहिला, थरावर थर थिजला, त्याचा हा दगड. त्याच्यात निम्म्याच्या आसपास सिलिका आहे, चुना आहे, आणि भरपूर लोखंड. खडी क्रशरजवळ याच्या भुकटीचे ढीग पडलेले असतात. पिशवीभर मागून आणा, मास्क लावून, पाण्यातून बारीक चाळणीनं गाळून घ्या, वाळवा. मातीची एक उथळ वाटी करून तिच्यात चमचाभर ठेवा आणि पुढच्या भट्टीत १२६० ला जाऊ द्या. उथळ वाटी यासाठी, की वितळून वाहिलं तर भट्टीचं शेल्फ खराब होऊ नये.

बाहेर निघेल तेव्हा त्या वाटीच्या तळाशी काळसर, तपकिरी झाक असलेली काच असेल. ती खिडकीपाशी घेऊन बसा. ही काच एकदा आधीही वितळलेली होती. मग ती थिजली, तिचे डोंगर झाले, डोंगरात लेणी कोरली गेली, किल्ले उभे राहिले, रस्त्यावर खडी पडली. तुमच्या हातून ती दुसऱ्यांदा वितळली. मी ही वाटी टेबलावर ठेवली आहे, दोन वर्षं झाली. तिच्यात काही ठेवत नाही. पुढे याच भुकटीत फेल्डस्पार मिसळत जा, दर तुकड्याला दहा टक्क्यांनी वाढवत. अकरा तुकड्यांची रांग तयार होईल, एका टोकाला पांढरं आणि दुसऱ्याला काळं. मधल्या कुठल्यातरी तुकड्यावर तुमची नजर अडकेल. तिथून तुमचं ग्लेझ सुरू होतं.

या तुकड्यांसाठी वेगळी भट्टी लावू नका. खरा खर्च विजेचा किंवा गॅसचा आहे. भरलेल्या भट्टीत कपांच्या मधल्या सांदींत तुकडे बसतात. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर वर्षाकाठी दहा-बारा कप करणाऱ्यानं तयार बाटलीच आणावी. काटा, चाळण्या, बादल्या, पंचवीस किलोच्या गोण्या हे सगळं जमवण्यात सुरुवातीला पैसा जातोच. चौघांनी मिळून गोण्या आणल्या तर मात्र पहिल्याच वर्षी फरक दिसतो.

काही ठिकाणी हात आखडताच हवा. घरात लोणच्याची जुनी बरणी असेल तर ती समोर आणून ठेवा, खांद्याला तपकिरी, खाली पांढरी. वर्षानुवर्षं तिच्यात मीठ, तेल, कैरीचा आंबटपणा मुरत राहिला आणि आतली काच तशीच आहे. जेवणाच्या भांड्याचं ग्लेझ या बरणीपुढे टिकलं पाहिजे. पूर्वी कमी आचेवर चकाकी आणण्यासाठी कुंभार शिसं वापरत. शेंदूर आणि मुर्दाडशिंग ही दोन्ही शिशाचीच रूपं. ती लवकर वितळतात, सुंदर चमकतात, आणि आंबट पदार्थाबरोबर पोटात जातात. ती आणू नका, कितीही स्वस्त मिळाली तरी. बेरियम कार्बोनेट हे उंदरांचं विष म्हणून वापरलं गेलेलं द्रव्य आहे. तेही जेवणाच्या भांड्यात नको. तांबं हिरवा रंग देतं, पण जास्त झालं तर सुटतं. नव्या ग्लेझच्या तुकड्यावर लिंबाची फोड ठेवा आणि रात्र जाऊ द्या. सकाळी त्या जागी रंग उतरला किंवा चमक गेली असेल, तर ते ग्लेझ फुलदाणीसाठी. डाग पडला नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. भांडी विकणार असाल तर प्रयोगशाळेतून तपासून घ्या.

आणि माठाला हात लावू नका. त्याला पाझरू द्या, त्याचं गार पाणी त्या पाझरण्यातूनच येतं.

भट्टी लागली की तुमच्या हातात काही उरत नाही. चढायला एक दिवस, उतरायला एक दिवस. शंभर अंशांच्या खाली येईपर्यंत दार उघडायचं नाही. या दुसऱ्या दिवशी वही घेऊन बसा. तारीख, चार वजनं, पाणी किती, बुडवायला किती सेकंद, भट्टी कुठवर गेली, कोणता तुकडा कोणत्या शेल्फवर. दार उघडण्याआधी हे लिहून झालं पाहिजे. निकाल बघितल्यावर माणूस आकडे नीट आठवत नाही. तेच सगळं बादलीवर, न पुसणाऱ्या पेननं.

या विद्येत सूत्र लपवण्याची परंपरा फार जुनी आहे. कित्येक घराण्यांची ग्लेझं त्यांच्याबरोबरच संपली. शांतिनिकेतनात शिकलेल्या निर्मला पटवर्धन यांनी आयुष्यभर ग्लेझवर काम केलं आणि आपली सूत्रं 'हँडबुक फॉर पॉटर्स' या पुस्तकात सगळ्यांसाठी छापून टाकली. आज आपल्यापैकी कितीजण त्या आकड्यांवरून सुरुवात करतात. तुमच्या वहीतला एखादा तुकडा उद्या कोणाला आवडेल आणि ते संकोचून विचारतील, हे कसं केलंत? तेव्हा वजनं सांगा, भट्टीचं तापमान सांगा, कुठे चुकलं तेही सांगा. आणि बादलीत असेल तर डबाभर ग्लेझ सोबत द्या.